थायरॉईडची गोळी : घेताना आणि घेत राहताना

संस्थेच्या स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप आमच्या सेक्रेटरींकडून यंदाही आला. एरवी मी वाचलेल्या एखाद्या पुस्तकावर चार शब्द लिहून मोकळा होतो. यंदा विषय वेगळा निवडला आहे. प्रथमच सांगतो की मी डॉक्टर नव्हे. मराठी विषय घेऊन बी. ए. झालेला आणि बँकेत काउंटरवर बसणारा माणूस आहे. तरीही औषधावर लिहिण्याचे धाडस करतो आहे, कारण हे औषध आमच्या घरात चुकले आणि ते चुकवण्यात माझाही हात होता. नंतर डॉक्टरांकडून जे समजून घेतले आणि जे वाचले, ते आपल्या बंधू-भगिनींपुढे ठेवतो. औषधाची मात्रा मात्र हा लेख वाचून कोणी बदलू नये. ते काम ज्याच्या त्याच्या डॉक्टरांचे.

आधी घरातली हकिकत सांगतो.

माझी आई अडुसष्ट वर्षांची. गावी राहते, मी रत्नागिरीत. दोनेक वर्षे तिला थकवा, बद्धकोष्ठ आणि पायांवर सूज होती. आवाज घोगरा झाला होता आणि वैशाखातही ती अंगावर शाल घेऊन बसायची. वयोमानाने होते, असे आम्ही सर्वांनी ठरवून टाकले होते. एका डॉक्टरांनी रक्त तपासून थायरॉईड कमी असल्याचे सांगितले आणि २५ मायक्रोग्रॅमची गोळी सुरू केली. पुढे ती ५० झाली. पुढच्या तपासणीत ७५ करायचे ठरले. घरात २५ ची बाटली शिल्लक होती, म्हणून डॉक्टर म्हणाले, ‘५० ची एक आणि २५ ची एक, अशा दोन्ही सकाळी एकदम घ्या.’ आई घेऊ लागली. तिला बरे वाटू लागले.

दोन महिन्यांनी गोळ्या संपत आल्या तेव्हा चिठ्ठी घेऊन मी दुकानात गेलो. चिठ्ठीवर ७५ असा आकडा होता. दुकानदाराने ७५ ची एकच बाटली दिली, आणि ते बरोबरच होते. मी ती एस. टी. ने जाणाऱ्या शेजाऱ्यांच्या हाती गावी पाठवली. सोबत चार ओळींची चिठ्ठी दिली नाही, फोनवरही काही बोललो नाही. आईने विचार केला की डॉक्टरांनी आणखी एक गोळी वाढवली असेल. जुन्या दोन बाटल्यांत अजून गोळ्या होत्या. पुढे त्या संपल्या तेव्हा तिने गावाकडच्या दुकानातून रिकाम्या बाटल्या दाखवून तशाच नव्या मागवल्या. म्हणजे ५०, २५ आणि ७५ मिळून रोज १५०. ठरल्याच्या बरोबर दुप्पट. असे अडीच महिने चालले.

या अडीच महिन्यांत तिचे वजन सहा किलोने उतरले. गावातल्या बायका म्हणाल्या, गोळी लागू पडली. मीही तेच म्हणालो. तिला झोप येईना, हात थरथरू लागले, भाकरी थापताना थाळीत पीठ सांडू लागले. एका रात्री छातीत इतके धडधडू लागले की तिने भावाला उठवले. रत्नागिरीला आणून कार्डिओग्राम काढला, तर हृदयाचे ठोके वेगवान आणि पूर्ण अनियमित. याला एट्रिअल फिब्रिलेशन म्हणतात. त्यात हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे जाण्याची भीती असते. तिथल्या डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच गोष्ट सांगितली, ‘घरातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून आणा.’ तीन बाटल्या टेबलावर ओळीने ठेवल्या तेव्हा कोणाला काही सांगावे लागले नाही.

मी रोज शेकडो व्हाउचरे तपासतो. रक्कम अक्षरात आणि अंकात जुळली नाही तर चेक परत करतो. आईच्या तीन बाटल्यांची बेरीज मात्र मी केली नव्हती.

आई वाचली. चार दिवस दवाखान्यात राहिली, काही महिने रक्त पातळ करण्याची गोळी घेतली, आता ठोके नियमित आहेत आणि थायरॉईडची ७५ ची एकच गोळी चालू आहे. असो.

आता मूळ विषयाकडे वळू. ‘मला थायरॉईड आहे’ असे आपण म्हणतो. वास्तविक थायरॉईड सर्वांनाच असते. गळ्यात कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून, फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी आहे. वजन जेमतेम वीस ग्रॅमच्या आसपास. अन्नातले आयोडीन घेऊन ती थायरॉक्सिन नावाचा रस रक्तात सोडते. शरीराचे काम किती वेगाने चालावे हे त्यावर ठरते. हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, अंगातली ऊब, स्त्रियांची पाळी, कातडी, केस, इतकेच काय मनाची उभारीसुद्धा. रस कमी पडला की सगळे मंदावते, जास्त झाला की सगळे धावू लागते.

रक्ताच्या रिपोर्टवर टी. एस. एच. असा आकडा असतो आणि त्यावरून फार गोंधळ होतो. पुष्कळांना वाटते की टी. एस. एच. वाढला म्हणजे थायरॉईड वाढले, तेव्हा गोळी कमी करावी. प्रकार नेमका उलटा आहे. टी. एस. एच. हा थायरॉईडचा रस नव्हेच. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीचा हुकूम आहे. आमच्या भाषेत सांगायचे तर ते हेड ऑफिसचे स्मरणपत्र. शाखेचे काम थंडावले की स्मरणपत्रे वाढतात आणि काम जरुरीपेक्षा जास्त होऊ लागले की ती बंद होतात. म्हणून टी. एस. एच. जास्त असेल तर सहसा रस कमी आहे असे समजायचे, आणि टी. एस. एच. फार खाली गेला तर गोळी जास्त होत असल्याचा संशय घ्यायचा. सर्वसाधारणपणे ०.४ ते ४ च्या आसपासचा आकडा ठीक मानतात. प्रयोगशाळेप्रमाणे त्यात थोडा फरक असतो आणि वृद्धांत थोडा जास्त आकडाही चालवून घेतात. आईचा त्या दिवशीचा आकडा ०.०२ होता.

आकडा किंचित वाढलेला दिसला म्हणून प्रत्येकाला जन्मभराची गोळी लागतेच असेही नाही. चारच्या वर आणि दहाच्या आत असेल, त्रास काही नसेल, तर डॉक्टर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगतात. पुष्कळदा तो आपोआप खाली येतो. गर्भवती किंवा मूल हवे असलेल्या स्त्रियांची गोष्ट मात्र वेगळी, त्यांच्याविषयी पुढे लिहिले आहे.

आपल्याकडे एक प्रश्न हमखास विचारला जातो. आपण समुद्रकाठचे लोक, रोज मासळी खाणारे, आपल्याला आयोडीन कमी कसे पडेल? प्रश्न रास्त आहे. डोंगराळ मुलुखात आयोडीनच्या अभावाने गलगंड होत असे आणि त्यासाठी सरकारने १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला, मिठात आयोडीन घालायला लावले. पण आज मोठ्या माणसांत थायरॉईड कमी होण्याचे मुख्य कारण ते नाही. शरीराची संरक्षण यंत्रणा चुकून स्वतःच्याच ग्रंथीवर हल्ला करते आणि ग्रंथी हळूहळू निकामी होते. जपानच्या हाशिमोतो या डॉक्टरांनी १९१२ साली त्याचे प्रथम वर्णन केले, म्हणून त्यांचेच नाव या आजाराला आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांना तो कितीतरी जास्त होतो. देशातल्या आठ शहरांत झालेली एक मोठी पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. त्यात मुंबई आणि गोवाही होते. शंभर प्रौढांमागे जवळजवळ अकरा जणांत थायरॉईड कमी आढळले. समुद्रकाठच्या शहरांत प्रमाण थोडे कमी होते, पण तेही नऊच्या वर. म्हणजे बांगडा खाऊन सुटका नाही. तसेच आयोडीन हवे म्हणून समुद्री शेवाळाच्या गोळ्या किंवा आयोडीनचे थेंब आपल्या मनाने घेऊ नयेत. जादा आयोडीनने ग्रंथी आणखी बिघडू शकते.

दुसरा एक मार्ग आहे ज्याने माणूस या गोळीपर्यंत पोचतो. ग्रंथी जास्त काम करत असेल तर काही जणांना किरणोत्सारी आयोडीन देऊन ती शांत करतात. परळला टाटा हॉस्पिटलच्या ॲनेक्स इमारतीत भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. कोकणातून तिथे जाऊन आलेली माणसे आपल्याला ठाऊक असतील. या उपचारानंतर किंवा ग्रंथी ऑपरेशनने पूर्ण काढल्यानंतर शरीरात रस तयार होणे बहुधा थांबते आणि गोळी कायमची लागते. थायरॉईडच्या कॅन्सरच्या काही रुग्णांत टी. एस. एच. मुद्दाम खाली ठेवतात. म्हणून शेजारणीचा आकडा किंवा मात्रा आपल्याला लावून पाहू नये.

या औषधाचा इतिहास मला फार मनोरंजक वाटला. इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने १८९१ साली मेंढीच्या थायरॉईडचा अर्क एका सेहेचाळीस वर्षांच्या बाईला टोचला. सुजून, मंदावून अंथरुणाला खिळत चाललेली ती बाई काही आठवड्यांत हिंडूफिरू लागली. पुढे ती तोंडाने अर्क घेत राहिली आणि चौऱ्याहत्तर वर्षांची होऊन १९१९ साली गेली. या अठ्ठावीस वर्षांत तिला ८७० मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या, असा हिशोब मरे यांनी मांडून ठेवला आहे. हिशोबनीस माणसाला हा आकडा विसरता येत नाही. १९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये केंडॉल यांनी शुद्ध थायरॉक्सिन वेगळे काढले आणि १९२७ साली हॅरिंग्टन आणि बार्जर यांनी ते प्रयोगशाळेत बनवले. आता ८७० मेंढ्या लागत नाहीत. रोजचा खर्च टपरीवरच्या अर्ध्या कप चहाइतकाही नाही, औषध राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे आणि जनऔषधी केंद्रातही मिळते. बाटलीवर कंपनीचे नाव काहीही असो, खाली बारीक अक्षरात लेव्होथायरॉक्सिन असे लिहिलेले असते. ते नाव पाठ करून ठेवावे.

आता ही गोळी इतकी नाजूक का, ते पाहू. तिची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. एक हजार मायक्रोग्रॅम म्हणजे एक मिलिग्रॅम. तांदळाच्या एका दाण्याचे वजन वीस मिलिग्रॅम धरले, तर १०० मायक्रोग्रॅमच्या गोळीतले खरे औषध त्या दाण्याच्या दोनशेव्या हिश्शाइतके. बाकी सगळी भर. बाजारात १२.५ पासून १५० पर्यंत पुष्कळ पायऱ्या मिळतात. २५, ५०, ६२.५, ७५, ८८, १००, ११२ वगैरे. इतक्या पायऱ्या उगीच केलेल्या नाहीत, थोड्याशा फरकानेही टी. एस. एच. हलतो. ज्याची ग्रंथी अजिबात काम करत नाही अशा प्रौढाला किलोमागे सुमारे १.६ मायक्रोग्रॅम लागते, म्हणजे साठ किलोच्या माणसाला शंभरच्या आसपास. पण म्हातारी माणसे आणि हृदयविकाराचे रुग्ण यांना १२.५ किंवा २५ पासून सुरू करून बेताबेताने वाढवतात, कारण मंदावलेल्या हृदयाला एकदम पळायला लावले तर ते दमते.

मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅमची गल्लत कागदावरही होते. काही चिठ्ठ्यांवर आणि बाटल्यांवर ०.१ मिलिग्रॅम लिहिलेले असते. ते आणि १०० मायक्रोग्रॅम एकच. टिंब नीट दिसले नाही तर दुकानदाराला आणि डॉक्टरांना विचारावे, विचारण्यात कमीपणा नाही. चूक आपलीच असते असेही नाही. २०२३ साली एका कंपनीला आपली एक बॅच बाजारातून परत बोलवावी लागली, कारण ८८ च्या गोळ्यांच्या बाटल्यांवर २५ चे लेबल लागले होते. म्हणून नवी बाटली उघडली की गोळी जुन्या गोळीशेजारी ठेवून रंग आणि आकार पाहावा. वेगळी दिसली तर घेण्यापूर्वी दुकानात जावे. शक्यतो एकाच कंपनीची गोळी चालू ठेवावी. बदलावी लागली तर डॉक्टरांना सांगून सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासून घ्यावे.

गोळी घ्यायची कशी, याबाबत डॉक्टर घाईत एवढेच सांगतात, ‘सकाळी उपाशीपोटी.’ उपाशीपोटी म्हणजे काय, हे आपण आपापल्या परीने ठरवतो. आमच्याकडे चहा म्हणजे खाणे नव्हे, असा समज होता. आई उठल्याबरोबर कोरा चहा घेई आणि त्याच चहाबरोबर गोळी. वास्तविक गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा तास, जमल्यास एक तास, चहा, कॉफी, दूध, न्याहारी काही नको. अन्न आणि कॉफीसारखी पेये औषध आतड्यातून रक्तात जाऊ देत नाहीत. नाचणी, कोबी, फ्लॉवर सोडायची गरज नाही, शिजवून बेताने खाल्ल्यास बिघडत नाही. सोयाबीनचे पदार्थ रोज भरपूर खात असाल तर मात्र डॉक्टरांना सांगा.

पहाटे उठून शेतावर, बंदरावर किंवा पहिल्या गाडीला धावणाऱ्या माणसाला हा अर्धा तास सापडत नाही. त्याच्यासाठी दुसरी सोय आहे. रात्री झोपताना, शेवटचे खाणे झाल्यावर तीन तासांनी गोळी घेतली तरी चालते. मात्र सकाळ किंवा रात्र, डॉक्टरांना विचारून एक वेळ ठरवावी आणि तीच पाळावी. उपोसथाच्या दिवशी दुपारनंतर जेवत नाहीत, त्याने या गोळीला काही बाधा येत नाही. पाण्याबरोबर नेहमीच्या वेळी घ्यावी. आमच्या शाखेतले एक मुस्लिम सहकारी रमजानमध्ये डॉक्टरांच्या सल्ल्याने रात्री झोपताना घेतात.

सर्वांत जास्त नुकसान दुसऱ्या गोळ्यांमुळे होते आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. कॅल्शियम, लोह, लोह असलेल्या ताकदीच्या गोळ्या आणि ॲसिडिटीचे पातळ औषध यांना थायरॉईडची गोळी चिकटून बसते आणि पोटातून तशीच बाहेर जाते. यांच्यात चार तासांचे अंतर हवे. गुडघ्यांसाठी कॅल्शियम एका डॉक्टरांनी दिलेले, थायरॉईड दुसऱ्यांनी, अशक्तपणासाठी लोह तिसऱ्यांनी, आणि आपल्या बाया सगळ्या गोळ्या ओंजळीत घेऊन एका घोटात संपवतात. मग टी. एस. एच. वाढतो, डॉक्टर मात्रा वाढवतात, पुढे कधीतरी कॅल्शियम संपते आणि तीच वाढलेली मात्रा जास्त होऊन बसते. सकाळी थायरॉईड, दुपारच्या जेवणानंतर लोह, रात्रीच्या जेवणानंतर कॅल्शियम, अशी वाटणी बहुतेकांना जमते. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल यांसारख्या रोजच्या ॲसिडिटीच्या गोळ्यांनीही थायरॉक्सिन कमी शोषले जाते. त्या सुरू किंवा बंद केल्यास डॉक्टरांना कळवावे. तसेच मधुमेहाचे औषध आणि रक्त पातळ करणारी वॉरफॅरिन यांच्या मात्रेवरही या गोळीचा परिणाम होतो, तेव्हा प्रत्येक डॉक्टरला सगळ्या गोळ्यांची यादी दाखवावी. ॲड्रेनल ग्रंथीचा आजार असेल तर तो थायरॉक्सिन सुरू करण्यापूर्वी सांगणे फार जरुरीचे आहे.

एखाद्या दिवशी गोळी राहिली तर? घाबरण्याचे कारण नाही. हे औषध अंगात सावकाश खर्च होते, निम्मे व्हायला सुमारे सात दिवस लागतात. त्याच दिवशी आठवण झाली तर पोट रिकामे असताना घ्यावी. दुसऱ्या दिवशी आठवली तर नेहमीची एक घ्यावी, मनाने दोन घेऊ नयेत. पण याच संथपणात एक फसवणूक दडलेली आहे. गोळी बंद केल्यावर आठवडा-दोन आठवडे काहीच वाटत नाही, उलट सकाळची कटकट गेली म्हणून बरे वाटते. खात्यात शिल्लक असते, तोवर चेक वटत राहतात, तसे. महिन्या-दीड महिन्याने थकवा, सूज, मंदपणा परत येतो, पण तोवर गोळी बंद केल्याचे आपण विसरलेलो असतो आणि दोष हवेला देतो. ‘तीन महिन्यांत थायरॉईड मुळापासून’ अशा जाहिरातीला भुलून गोळी सोडणारे लोक मी पाहिले आहेत. कोणाला दुसऱ्या पद्धतीचे औषध घ्यायचे असेल तर त्याने घ्यावे, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी थांबवू नये. फार दिवस औषधाशिवाय राहिलेला रुग्ण, विशेषतः वृद्ध, बेशुद्धीपर्यंत जाऊ शकतो.

याच कारणाने मात्रा बदलल्यावर पुढच्याच आठवड्यात रक्त तपासण्यात अर्थ नसतो. सहा ते आठ आठवडे जावे लागतात. आकडा स्थिरावल्यावर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने तपासले तरी चालते. तपासणीच्या दिवशी सकाळची गोळी सोबत न्यावी आणि रक्त दिल्यावर घ्यावी. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर लॅबमध्ये सांगावे. त्यांच्यामुळे आकडे खोटे येतात, म्हणून त्या दोन-तीन दिवस आधी बंद ठेवायला सांगतात.

आता स्त्रियांविषयी, आणि हा भाग लेकी-सुनांना वाचून दाखवावा अशी विनंती आहे. गरोदरपणी औषधे नकोत, असे घरातली वडीलधारी माणसे मायेपोटी सांगतात. आमच्या ओळखीच्या एका मुलीची गोळी सासूबाईंनी अशीच बंद करवली होती, सुदैवाने नर्सबाईंच्या वेळीच लक्षात आले. गर्भाची स्वतःची थायरॉईड पहिले तीन महिने काम करत नाही, तोवर बाळाच्या मेंदूची वाढ आईच्याच थायरॉक्सिनवर होते. म्हणून या काळात गोळी बंद तर करायची नाहीच, उलट बहुतेकींना ती पाव ते निम्म्या मात्रेने वाढवावी लागते. पाळी चुकल्याचे कळले की त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे, पाचव्या महिन्याची सोनोग्राफी होईपर्यंत थांबू नये. मूल हवे असेल तर आधीच तपासून आकडा ताळ्यावर आणावा. सरकारी दवाखान्यातून गर्भवतीला लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. त्या जरूर घ्याव्यात, पण वर सांगितलेले चार तासांचे अंतर ठेवून. बाळंतपणानंतर मात्रा बहुधा पहिल्यासारखी करतात. अंगावर पाजणाऱ्या आईने योग्य मात्रेत गोळी घेतल्यास बाळाला अपाय नाही.

एखाद्या तान्ह्या बाळाला जन्मतःच थायरॉईड कमी असते. त्याला डॉक्टर हीच गोळी देतात. ती चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात कुस्करून लगेच पाजावी, कालवून ठेवू नये. अशा बाळाच्या बाबतीत पहिल्या काही आठवड्यांतली दिरंगाई जन्मभर पुरते, कारण मागे पडलेला मेंदू पुढे भरून निघत नाही.

वजन उतरवण्यासाठी ही गोळी कोणीही घेऊ नये. ज्याची ग्रंथी ठीक आहे त्याचे वजन साध्या मात्रेत उतरत नाही आणि मोठ्या मात्रेत हृदयावर बेतते. जादा मात्रा फार दिवस चालली तर पाळी गेलेल्या स्त्रियांची हाडे ठिसूळ होतात. छातीत धडधड, हात थरथरणे, घाम, झोप उडणे, जुलाब आणि खाऊनपिऊन वजन उतरणे ही जादा मात्रेची लक्षणे आहेत. आईच्या बाबतीत ती सगळी आमच्या डोळ्यांसमोर होती.

शेवटी गोळ्या ठेवण्याविषयी, कारण हा आपल्या हवामानाचा प्रश्न आहे. उष्णता, उजेड आणि ओल या तिन्हींनी थायरॉक्सिन बिघडते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आषाढात मीठ पाझरते, आगपेटी पेटत नाही. अशा हवेत बाटलीचे झाकण उघडे राहिले तर गोळ्या मऊ पडतात, त्यांची ताकद जाते. बाटली चुलीजवळच्या फळीवर, न्हाणीत, खिडकीच्या उन्हात ठेवू नये. गोळ्या आहेत त्याच बाटलीत राहू द्याव्यात, आठवडाभराच्या डबीत काढून ठेवू नयेत. आतली ओल शोषणारी पुडी फेकू नये. शंभर-सव्वाशे गोळ्यांची बाटली महिनोन्महिने उघडझाक होते, त्यापेक्षा पावसाळ्यात पट्टीतल्या गोळ्या मिळाल्या तर त्या बऱ्या. मात्र कंपनी आणि मात्रा तीच असावी. डाग पडलेली, चुरा होणारी गोळी घेऊ नये.

आमच्या घरी आता एकच बाटली असते. तिच्यावर मी जाड पेनाने ‘सकाळी १, पाण्याबरोबर’ असे आणि उघडल्याची तारीख लिहितो. आई गोळी घेतली की भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेवर काट मारते. महिन्यातून एकदा मी गावी गेलो की बाटलीतल्या उरलेल्या गोळ्या मोजतो आणि काटांशी ताळा करतो. दोनदा एकेक गोळी जास्त निघाली, कमी मात्र कधी नाही. मात्रा बदलली की जुनी बाटली त्याच दिवशी घरातून जाते. रिकाम्या बाटल्या आईला भाजीचे बी ठेवायला हव्या असतात. त्या मी देतो, पण आधी लेबल ओले करून खरवडून काढतो.